ग्राफानाचा पासवर्ड बदलूनही जुनाच का चालतो?

संपादक महोदय,

स.न.वि.वि. लहान कारखाने आणि संस्था स्वतःच्या सर्व्हरवर ग्राफाना या आकडेवारी आलेखांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा डॅशबोर्ड चालवतात, हे चांगलेच आहे. पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून दिली जाणारी सेटिंग) घाईने भरले, तर सगळी माहिती चव्हाट्यावर येऊ शकते.

ग्राफानाचे मूळ युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन' असतात. ते बदलणारे 'जीएफ_सिक्युरिटी_अ‍ॅडमिन_पासवर्ड' हे व्हेरिएबल फक्त पहिल्या वेळी, डेटाबेस तयार होताना लागू होते. नंतर ते कितीही बदला, जुनाच पासवर्ड चालतो. मग ग्राफाना सीएलआयची (टाइप करून आज्ञा देण्याच्या साधनाची) 'रीसेट-अ‍ॅडमिन-पासवर्ड' ही कमांड द्यावी. सीक्रेट की (साठवलेले पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवणारी किल्ली) मात्र सुरुवातीलाच ठरवा आणि जपून ठेवा. नुसते व्हेरिएबल बदलून ती मध्येच पालटली, तर ग्राफानाला आकडे पुरवणाऱ्या डेटा सोर्सचे साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत.

डॉकर कंपोझमध्ये (एका फाइलनुसार प्रोग्राम 'कंटेनर' या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) ती फाइल बदलून नुसते 'रीस्टार्ट' केले, तर कंटेनर जुनीच मूल्ये घेऊन उठतो. 'अप -डी' दिल्यावरच तो नव्याने बनतो. त्याआधी 'डॉकर कंपोझ कॉन्फिग' चालवून अंतिम मूल्ये तपासा. पासवर्डमध्ये डॉलरचे चिन्ह असेल तर कंपोझ फाइलमध्ये ते दोनदा लिहावे, नाहीतर पुढची अक्षरे व्हेरिएबलचे नाव समजून गिळली जातात.

पोर्ट (सर्व्हरवरचा जोडणीचा क्रमांक) कंपोझ फाइलमध्ये '१२७.०.०.१:३०००:३०००' असाच बांधावा, म्हणजे तो फक्त त्याच सर्व्हरवरून उघडतो. नुसते '३०००:३०००' लिहिले तर डॉकर लिनक्सच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून पोर्ट जगाला खुला करतो. पासवर्डच्या 'डॉट एन्व्ह' फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा आणि ती गिटमध्ये (कोडचे बदल साठवणाऱ्या प्रणालीत) कधीही टाकू नका.

— एक सर्व्हर व्यवस्थापक, नाशिक