बॉर्डरलाइनवाल्या लेकास

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट पाहिला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२. वर तूच लिहितोस, "बॉर्डरलाइन आहे, टेन्शन नको." अरे, बॉर्डर ओलांडायची वाट कशाला बघायची?

आजीचं तुला फोनवर कळत नाही. काल जेवून उठली आणि ताट घासायच्या आत विचारते, "आज जेवायला वाढणार नाहीस का?" तिच्या मधुमेहाच्या गोळ्या आता मी कुलपात ठेवते. घेतल्याचं आठवत नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतली, तर साखर धाडकन उतरायची. तेही मेंदूला वाईटच.

तिचं विसरणं साखरेमुळेच, असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही, वयही झालंय. पण रॉटरडॅमच्या अभ्यासात १९९९ सालीच दिसलं होतं की मधुमेह्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. रक्तवाहिन्या खराब होतात हे एक कारण. दुसरं दाहाचं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा उगाच चेतलेली राहण्याचं, आणि जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मला तेच जास्त छळतं.

पोटावरची चरबी नुसती पडून नसते. तिच्यातून टीएनएफ-अल्फासारखे दाह वाढवणारे रेणू बाहेर पडतात. लठ्ठ उंदरांत हे १९९३ मध्ये सापडलं. त्यांच्यामुळे पेशीत जेएनके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि इन्सुलिनचा निरोप आत पोचवणाऱ्या आयआरएस-१ या प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट चिकटवतं. मग इन्सुलिन दार ठोठावत राहतं, आत कुणी दाद देत नाही. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्याच्या रुग्णांच्या मेंदूतही आयआरएस-१ असंच बिघडलेलं आढळलंय. शिवाय तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारपेशी, सतत चेतलेल्या राहतात आणि शेजारच्या चेतापेशींनाच इजा करतात.

अल्झायमर म्हणजे "टाइप थ्री डायबेटिस", हे मावशीने ग्रुपवर टाकलेलं मात्र मनावर घेऊ नकोस. काही संशोधक तो शब्द वापरतात, पण ते अधिकृत निदान नाही, आणि त्याखालचा काढा तर मुळीच नको.

सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं औषध सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये देऊन पाहिलं. २०२५ मध्ये निकाल आला: आजाराच्या काही जैविक खुणांचे आकडे सुधारले, पण आजाराचा वेग कमी झाला नाही. मी त्यातून एवढंच घेते की आजार उभा राहिल्यावर धावण्यात फार हशील नाही. तू अजून पस्तिशीत आहेस.

जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडायच्या आधी चालून येत जा. रात्रीचं जेवण अकराला नको. तीन महिन्यांनी तपासणी परत कर, डॉक्टरांना दाखव. दिवाळीत आलास की बाबांनाही लॅबमध्ये घेऊन जा. माझं ते ऐकत नाहीत.

तुझी,
आई