अण्णा, ‘आधी वर जाऊन बघू’ म्हणालात त्याबद्दल

आदरणीय अण्णांना नमस्कार,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे उघड पत्र. सोलापूरच्या आपल्या पूर्व भागात आता बऱ्याच घरांत कॉम्प्युटरवर हिशोब ठेवतात, त्यांनाही वाचून उपयोग होईल.

मार्चअखेर होती. ग्नूकॅश या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये घरपट्टी, मागच्या शेडचं भाडं, सासूबाईंची विडी कामगार म्हणून येणारी फंडाची पेन्शन अशा नोंदी चालल्या होत्या आणि लाइट गेली. परत आल्यावर फाइल उघडली तर समोर इशारा: फाइलला लॉक मिळत नाही, दुसरं कुणी ती वापरत असेल, तसं असेल तर उघडू नका. खाली तीन-चार बटणं. कॉम्प्युटर घेतला त्या दुकानात फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं, “ओपन एनीवे दाबा की मॅडम, काय होत नाही.”

तेवढ्यात तुम्ही दारात दिसलात. चष्मा लावून इशारा शेवटपर्यंत वाचलात आणि पहिला प्रश्न विचारलात, “ही फाइल अजून कुठं उघडते?” वर भाऊजींच्या लॅपटॉपवर उघडते, घरच्याच वायफायवरून. “मग आधी वर जाऊन बघू.” गुडघे धरून तुम्ही जिना चढलात. लॅपटॉप बंद, भाऊजी अजून कारखान्यातच. मग खाली येऊन फोल्डर उघडलात आणि हिशोबाच्या फाइलशेजारची तिच्याच नावाची, शेवटी ‘.एलसीके’ असलेली फाइल दाखवलीत. तिच्यावरची वेळ बरोबर मी दुपारी हिशोबाला बसले तीच होती. म्हणजे लॉक आमच्याच कॉम्प्युटरचं. प्रोग्राम फाइल उघडताना ते लावतो आणि नीट बंद झाला की स्वतःच काढतो. लाइट गेल्यावर ते काढायला कोणी राहिलंच नाही.

पण भाऊजींनी वर खरंच फाइल उघडलेली असती तर? ते तुम्ही बँकेच्या भाषेत सांगितलंत: ब्रँचमध्ये लेजर एकाच्या टेबलावर असलं की दुसऱ्यानं थांबायचं. ग्नूकॅशची नेहमीची फाइल सेव्ह होताना अख्खी नव्यानं लिहिली जाते. दोघांनी उघडून दोघांनी सेव्ह केली की जो शेवटी सेव्ह करेल त्याचा हिशोब राहतो, दुसऱ्याच्या नोंदी गुपचूप जातात. त्या दुकानदाराला हे कोण सांगणार!

मध्येच सासूबाईंनी घाबरून तेलुगूत विचारलं, पैसे गेले का? तुम्ही तेलुगूतच सांगितलंत की पैसे बँकेत आहेत, हिशोब तेवढा अडकलाय. तेव्हा कुठं त्या आत गेल्या.

पुढचं काम झटपट झालं. ग्नूकॅश बंद केलं, मूळ फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली, फक्त ती ‘.एलसीके’ फाइल काढून टाकली. फाइल उघडली, पण भाड्याची आणि पेन्शनची नोंद नव्हती. ऑटोसेव्ह आपण ठरवू तेवढ्या मिनिटांनी होतो, त्याच्या मधलं राहून गेलेलं. त्यावर तुम्ही त्याच फोल्डरमधली शेवटची ‘.लॉग’ फाइल शोधलीत. प्रत्येक व्यवहार त्यात लगोलग उतरतो. फाइल, इम्पोर्ट, मग लॉग रीप्ले. दोन्ही नोंदी जिथल्या तिथं! शेड्यूल लावलेले व्यवहार किंवा बिलं यातून परत येत नाहीत, हेही तेव्हाच सांगून ठेवलंत. नावापुढं तारीख-वेळेचे आकडे असलेल्या फायली म्हणजे दर सेव्हला राहणाऱ्या जुन्या प्रती, आणि सेटिंग बदललं नाही तर त्या ३० दिवस टिकतात. जागा अडते म्हणून त्या उडवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या एका सल्ल्याशी मात्र मी अजून सहमत नाही. तुम्ही म्हणता सेव्ह ॲज करून एसक्यूलाइट हा फाइलचा दुसरा प्रकार घ्या, प्रत्येक नोंद तिथल्या तिथं लिहिली जाते, लाइट गेली तरी चिंता नाही. खरंय. पण आकड्यांचा घोळ झाला की सेव्ह न करता बंद करायची सोय मला हवी आहे. त्यापेक्षा ऑटोसेव्हची मिनिटं कमी केलीत.

भाऊजींना बहुतेक वेळा नुसती शिल्लकच बघायची असते. आता असा इशारा आला की ते ओपन रीड-ओन्ली घेतात, आणि काही भरायचं असलं तर आधी वरून हाक मारतात.

सासूबाईंनी शेंगाचटणी कुटली आहे, या वेळी नको म्हणू नका. डब्यासोबत तुमचा पेनड्राइव्हही पाठवते. आमच्या हिशोबाची प्रत मी दुसरीकडे घेतली आहे, त्यामुळे तो मोकळा करायला हरकत नाही.

तुमची शेजारीण