खालच्या मजल्यावरच्या काकांना, आठव्या मात्रेबद्दल

काका नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर एवढं वाचणार नाही हे माहितीये, काकू वाचून दाखवतील, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहिते.

जूनमध्ये तुम्ही मला जिन्यात अडवलंत, हातात मेथीची जुडी, आणि विचारलंत, "आठव्या मात्रेला काय होतं गं तुला?" मी घाबरलेच, वाटलं आली आवाजाची तक्रार, कारण रोज रात्री साडेनऊला मी गिटारवर जी, सी, डी या कॉर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबून एकदम वाजवायचे सूर, बडवत बसायचे आणि आपल्या बिल्डिंगच्या भिंती किती जाड आहेत ते काय सांगायचं.

तेव्हा मला गिटार घेऊन तीन महिने झाले होते. बोटांना घट्टे पडले, ट्यूनिंग अ‍ॅपवर जमायला लागलं, डी वाजवताना वरच्या दोन जाड तारा सोडायच्या हेही लक्षात राहायला लागलं, पण गाणं म्हणून काही वाजेचना. व्हिडिओ बघून "डाउन, डाउन अप, अप डाउन अप" म्हणजे उजवा हात तारांवर कधी खाली, कधी वर न्यायचा ते पोपटासारखं पाठ केलेलं. कॉर्ड बदलायची वेळ आली की उजवा हात थांबायचा, डावा सी शोधत बसायचा, सापडला की गाडी पुन्हा सुरू. मला वाटायचं दोष डाव्या हाताचा.

तुम्ही जुडी काखेत धरून कठड्यावर केहेरवा, तबल्यातला आठ मात्रांचा (ठोक्यांचा) ताल, वाजवलात. धा गे न ती, न क धि न. म्हणालात आता तुझं ते वर-खाली यात बसव. बसवलं तर आठ मात्रा बरोब्बर भरल्या, आणि पाचव्या मात्रेला, जिथे तबल्यात खाली, म्हणजे रिकामी मात्रा, असते, तिथेच माझा हात तारांना न लागता नुसता खाली जायला हवा होता! तुम्हाला इतका आनंद झाला की मेथी पायरीवर पडली. मी मात्र त्या पाचव्याला हातच गोठवत होते, तो हवेतून न्यायचा असतो हे मला त्या जिन्यात कळलं. (डाउनस्ट्रोकची खाली आणि तालातली खाली यात आपण दोघांनी घातलेला गोंधळ काकूंना अजून समजलेला नाही.)

मग तुम्ही चार दिवस डाव्या हाताला सुट्टी दिलीत. तारांवर बोटं नुसती टेकवून ठेवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्या हाताने चिक चिक करत राहायचं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देतो तो) मिनिटाला साठवर. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलं नाही खरंच, पण पाचव्या दिवशी कॉर्ड धरल्या तर हात आपोआप हलत होता.

आणि आठवी मात्रा, जिथे कॉर्ड बदलताना मी अडायचे. "बोटं उचल, हात थांबवू नकोस, जे वाजेल ते वाजू दे, समेवर ये म्हणजे झालं." (सम म्हणजे पहिली मात्रा.) शेवटच्या अपला बोटं हवेत असतात आणि मोकळ्या तारा वाजतात, मला वाटलेलं किती बेसूर लागेल, पण रेकॉर्ड करून ऐकलं तर कळतसुद्धा नाही. सी वरून ए मायनरला तर दोन बोटं जागेवरच राहतात, एकच हलवायचं, तरी मी तिथेही थांबायचे म्हणजे बघा.

तुम्हाला गिटार धरताही येत नाही हे तुम्हीच सांगता. कॉर्डला तुम्ही अजून "ते तीन बोटांचं" म्हणता. तरी माझा हात चालायला लागला तो तुमच्यामुळे, क्लासला दोन महिने जाऊनही हे कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून थँक्यू काका.

फक्त एक विनंती. सध्या एफ कॉर्ड चालू आहे, त्यात पहिल्या बोटाने सगळ्या सहा तारा एकदम दाबायच्या असतात. तिथे मी थांबले की खालून ग्रिलवर टकटक येते. ऐकू येतं हो. ताल कळलाय, बोट बसत नाहीये.