मेस्तकाका, गाडी कोरडी आहे

आदरणीय मेस्तकाका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "जाता, जाता" (चालतं, चालतं) म्हणून फोन ठेवता. समोर भेटलात की अर्धा कप चहा पिऊन पुढच्या कामाला पळता. म्हणून हे उघडं पत्र. तुमची नात वाचून दाखवील, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

तुम्ही बांधलेल्या आमच्या गॅरेजवरून दोन पावसाळे गेले. आत भिंतीला ओल नाही, जमिनीवर चिखल नाही, गाडीच्या मॅटखाली बुरशी नाही. गोव्यातल्या पेडण्याच्या पावसात हे काय आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

आमची पहिली पत्र्याची शेड तुम्ही पाहिली नव्हती. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा तिचे निम्मे पत्रे शेजाऱ्यांच्या कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) जाऊन पडले आणि उरलेल्यांवर आजोबांच्या हातचा फणस आडवा झाला. गाडीची काच गेली, टप बसला. वीज यायला किती दिवस लागले ते तुम्हालाही आठवत असेल. फणस कापून त्याच्या फळ्या पाडल्या आणि माळ्यावर टाकल्या. त्यांचं पुढे काय करायचं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर एका ठेकेदाराला धरलं. त्याचं नाव इथे घालत नाही. त्याला गॅरेज मागच्या कोपऱ्यात, डोंगरउताराला टेकून बांधायचं होतं, कारण "तिथली जागा फुकट जाते". आगाऊ पैसे घेतले, दोन खड्डे मारले आणि फोन उचलायचा बंद झाला. मी चडफडत होतो. आज वाटतं, बरं झालं पळाला.

कारण तुम्ही आलात ते भर जुलैत. मी म्हटलं, पाऊस थांबला की या, नीट दिसेल. तुम्ही म्हणालात, पाऊस असतानाच नीट दिसतं. छत्री धरून तुम्ही आवाराच्या वरच्या टोकाला गेलात, फणसाचं एक वाळलेलं पान वाहत्या पाण्यात सोडलंत आणि त्याच्या मागून चालत आलात. पान बांधाच्या कडेने आलं, वृंदावनाला वळसा घालून खाली उतरलं आणि ठेकेदाराच्या पहिल्या खड्ड्यात जाऊन गरगरत राहिलं. मला दाखवायला दुसरं पान सोडलंत. तेही तिथेच. मग म्हणालात, "आदीं उदकाक वाट दी, मागीर गाडयेक." आधी पाण्याला वाट दे, मग गाडीला.

त्या दिवशीच गॅरेजची जागा ठरली. घरापासून सुटं, पुढच्या अंगणाच्या उत्तरेला, जरा उंचावर. घराला चिकटून बांधावं असं बायकोचं म्हणणं होतं, पावसात भिजायला नको म्हणून. पण जुन्या घराची मातीची भिंत फोडायची, वरची कौलं उतरवायची आणि दोन छपरांच्या सांध्यात जन्मभर गळती सांभाळायची, हे तुम्ही तिला इतक्या शांतपणे सांगितलंत की ती छत्री वापरायला तयार झाली. (माझं तिने कधी इतकं ऐकलेलं नाही.)

कागदपत्रांवर फार लिहीत नाही. सुटं गॅरेज म्हणजे काय, चार भिंती आणि छप्पर, त्याला कसला परवाना, असं मला वाटत होतं. तुम्ही हात लावायला तयार नव्हता. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बिनशेतीची सनद, नकाशा, नगर नियोजनची तांत्रिक मंजुरी आणि मग पंचायतीचा परवाना. परवाना हातात पडेपर्यंत तुम्ही कुदळही आणली नाहीत. तेव्हा राग आला होता.

पण तुम्ही मोकळे बसला नव्हता. त्याच दिवसांत जांभ्याचे चिरे आणून रचून ठेवलेत. खाणीतून काढल्या काढल्या चिरा मऊ असतो, वारा लागून घट्ट होतो, हे मी लहानपणापासून ऐकत होतो. पण त्यासाठी कोणी तीन महिने थांबलेलं पाहिलं नव्हतं. बांधायच्या दिवशी तुम्ही एकेक चिरा करणीच्या मुठीने ठोकून कान लावायचा. खणखणला तर भिंतीत, ठस्स वाजला तर बाजूला. बाजूला पडलेल्यांची नंतर बागेची कड झाली, वाया एकही गेला नाही. माझ्या मुलाने ठोकून बघितलं, त्याला सगळे सारखेच वाजले. मलाही.

आणि ते चुन्याचं आखणं! मी नकाशावर २.७ बाय ५ मीटर लिहून ठेवलं होतं. गाडी चार मीटरच्या आतली, रुंदीला पावणेदोन, म्हणजे ऐसपैस, असा माझा हिशोब. तुम्ही अंगणात तेवढाच चौकोन चुन्याने आखलात, कडेला बांबू ठोकून दोरी बांधलीत आणि म्हणालात, आठ दिवस गाडी इथेच लावा. तिसऱ्या दिवशी आई दवाखान्यातून आली. मागचं दार उघडलं ते दोरीला टेकलं. फटीतून तिची काठी बाहेर आली, एक पाय आला आणि ती तिथेच अडकली. तुम्ही पायरीवर बसून पाहत होता, बोलला काहीच नाहीत. संध्याकाळी मीच दोरी सोडवून ३.४ मीटरवर बांधली. लांबी ६ मीटर केली, म्हणून आज मागे कामाचं टेबल आणि माटोळीची (चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची) चौकट दोन्ही मावतात.

छपराचा वाद तर सगळ्या वाड्याने ऐकला. मला स्लॅब हवा होता, वर पापड-आमसुलं वाळवता येतील म्हणून. तुम्ही मला स्कूटरवर बसवून गावातून एक फेरी मारलीत आणि स्लॅबची घरं मोजायला लावलीत. बहुतेक स्लॅबांवर पत्र्याची टोपी! आधी स्लॅबचा खर्च, मग गळतीचा, मग पत्र्याचा. शेवटी मंगळुरी कौलं घातली, चांगला उतार दिला, पागोळ्या भिंतीपासून ६० सेंटिमीटर लांब पडतील अशी वळचण सोडली. दार पूर्वेला ठेवलं, कारण इथला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपत येतो.

मुलाने नंतर गणित केलं. वळचणीसकट छप्पर जवळपास ४० चौरस मीटर, पावसाळ्याचा पाऊस ३००० मिलिमीटर धरला तर या एवढ्याशा छपरावरून १ लाख २० हजार लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे बारा टँकर. तुम्हाला आकडा सांगितला तर म्हणालात, "म्हणून तर पन्हळ बांयकडे (विहिरीकडे) वळवली." पाया घालायच्याही आधी तुम्ही तिथे चर मारून ठेवला होता, मला वाटलं होतं ती केळींची सोय आहे.

जमिनीचं काम मी सुट्टी काढून पाहिलं. जोतं अंगणापेक्षा ३० सेंटिमीटर वर, खाली दगडांचं सोलिंग, त्यावर काँक्रीट, आणि मागून दाराकडे ६ सेंटिमीटरचा उतार, म्हणजे भिजलेल्या गाडीचं पाणी आपणहून बाहेर. दारासमोर जाळीची मोरी. मग मातीचे वरंबे करून दहा दिवस पाणी साचवून ठेवलंत. आमच्या कुत्र्याने ते स्वतःचं तळं समजून वापरलं. त्याच्या दोन पावलांचे ठसे कोपऱ्यात आहेत, ते तुम्ही मुद्दाम पुसले नाहीत, मला माहीत आहे.

शटर लावू दिलं नाहीत, तेही बरं केलंत. खाऱ्या वाऱ्यात पट्ट्या गंजतात आणि वीज गेली की मोटरचं शटर हाताने उघडत बसावं लागतं. माळ्यावरच्या फणसाच्या फळ्यांची आठवण तुम्हालाच झाली. ज्या झाडाने शेड मोडली त्याचंच दार झालं. सकाळचं ऊन पडलं की ते पिवळं दिसतं आणि आई त्याला अजून "बाबांचो फणस" म्हणते.

एका ठिकाणी मात्र तुम्ही चुकलात, तेही लिहितो. जमिनीखालून एक जादा रिकामा पाइप टाका, पुढे विजेवरची गाडी घेतली तर चार्जरची जाड वायर ओढता येईल, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात: "गाडी म्हणजे मोबाइल काय?" पाइप टाकलात, पण कपाळाला आठ्या घालून. भाच्याने गेल्या वर्षी तसली गाडी घेतली. चतुर्थीला आला तेव्हा आमच्याकडेच चार्ज केली. अर्थिंग वेगळं दिलं होतं, ते तुमच्या वायरमनचं डोकं, त्यालाही नमस्कार सांगा.

पाया घालताना तुम्ही नारळ ठेवून रवळनाथाला घातलेलं गाऱ्हाणं मला पूर्ण आठवत नाही. "ह्या घराची गाडी आणि गाडयेतलीं माणसां सुखरूप घरा येवंदी" एवढं आठवतं. रात्री उशिरा दार लावताना ते कधीकधी तोंडात येतं.

आता एक काम. पश्चिमेच्या वळचणीची दोन कौलं माकडांनी सरकवली आहेत. मी शिडी लावली होती, बायकोने उतरवलं. उरलेली साठेक कौलं मागे रचून ठेवली आहेत. त्यातली दोन आमच्या छपराला घाला आणि बाकीची तुमच्या गोठ्यासाठी घेऊन जा. पैसे घेणार नाही म्हणालात तर आई काठी घेऊन दारात उभी राहील. पाऊस सुरू व्हायच्या आत या. सोलकढी करून ठेवतो.

तुमचा,
फणसाच्या दाराचा मालक