गोष्ट ज्याच्यासाठी, त्याला ती वाचता यायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातली ओढाताण, आईबाबांचे वेगळे होणे, लांबलेले आजारपण, गेलेली नोकरी अशा विषयांवर मुलांसाठी गोष्टी लिहिल्या जातात तेव्हा वृत्तपत्रांतून त्यांचे कौतुक होते. ते व्हायलाही हवे. पण त्या कौतुकात एक साधा प्रश्न राहून जातो : ही गोष्ट वाचणार कोण? घर नीट चाललेले असेल तर मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट वाचून दाखवायला कोणीतरी असते. ज्या घराची ही गोष्ट आहे, तिथे नेमका तोच माणूस कामावर, दवाखान्यात किंवा स्वतःच्याच काळजीत असतो. म्हणजे पुस्तक मुलाच्या हातात एकट्याने पडणार. आणि नुकतेच वाचू लागलेले ते मूल दुसऱ्या ओळीत अडकते. मुलांच्या पुस्तकांचे संपादन करणारे आणि मुलांना वाचायला शिकवणारे आम्ही काहीजण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत.

मराठीतली गंमत (खरे तर पंचाईत) अशी की दुःखाचे जवळजवळ सगळे शब्द वाचायला अवघड आहेत. कर्जाच्या डोक्यावर रफार, घटस्फोटाच्या पोटात ‘स्फ’, व्यसनात ‘व्य’, मृत्यूत ऋकाराला लागून ‘त्य’, दुःखात विसर्ग, दारिद्र्यात तर तीन व्यंजनांची चळत. लेखक हे शब्द सहज लिहून जातो. मुलाला मात्र बाराखडीच पुरती बसलेली नसते. चौतीस व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे धरली तरी चारशेच्या वर रूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. देवनागरीप्रमाणेच स्वरचिन्हे जोडून अक्षरे बनणाऱ्या कन्नड लिपीत वाचणाऱ्या मुलांवर संशोधक सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा लिपीतली अक्षरे पक्की व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात, असे त्यातून दिसले. पहिलीच्या अखेरीस ‘मूल वाचू लागले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते अर्ध्या वाटेवरच असते.

यावर उपाय विषय पातळ करण्याचा नाही, शब्द बदलण्याचा आहे. ‘बाबा आता वेगळे राहतात.’ ‘घरात पैसे कमी आहेत.’ ‘उसने घेतलेले पैसे परत करायचे आहेत.’ यांत एकही जोडाक्षर नाही आणि लपवाछपवीही नाही. मरणाबाबत तर सोपा शब्दच जास्त खरा आहे. ‘आजोबा वारले’ हे वाचायलाही सोपे आणि कळायलाही. ‘आजोबा गेले’ असे लिहिले की पाच-सहा वर्षांचे मूल ते परत कधी येणार याची वाट पाहते. ‘कायमचे झोपले’ असे लिहिले तर काही मुले स्वतः झोपायला घाबरू लागतात. मोठ्यांच्या कानाला कोमल वाटणारे हे शब्द मुलाच्या डोक्यात अक्षरशः उतरतात.

जोडाक्षरांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. सामान्यरूपांबद्दल (प्रत्यय लागताना शब्द जे बदललेले रूप घेतो, त्याबद्दल) फारसे कोणी बोलत नाही, आणि आमच्या मते खरी ठेच तिथेच लागते. मूल ‘पाऊस’ वाचायला शिकते आणि पुस्तकात त्याला ‘पावसात’ भेटतो. ‘माणूस’ ओळखीचा झालेला असतो, समोर येतो ‘माणसाला’. कुटुंबाच्या गोष्टीत तर घरातली माणसेच रूप बदलतात : भाऊ, पण भावाला. बहीण, पण बहिणीने. इथे वेलांटीही दीर्घाची ऱ्हस्व होते. वडील, पण वडिलांनी. उलट आई, बाबा, आजी, दादा, ताई, मामा यांना विभक्ती लागली तरी मूळ शब्द जसाच्या तसा दिसतो : आईला, बाबांनी, आजीकडे, ताईने. म्हणून पहिल्या टप्प्याच्या पुस्तकात ‘त्याच्या वडिलांनी’ऐवजी ‘बाबांनी’ आणि ‘तिच्या भावाला’ऐवजी ‘दादाला’ लिहावे. एवढ्या एका बदलाने पानावरचे अडथळे निम्म्यावर आलेले आम्ही पाहिले आहेत. बदलणारा शब्द वापरायचाच असेल तर मूळ रूप आधीच्या पानावर येऊ द्यावे, आणि पुढच्या पानावर बदललेले रूप आले की शेजारचे चित्र त्याच वस्तूचे असावे.

शब्दाला जितके प्रत्यय चिकटतात तितका तो लांबतो. ‘शेजारच्यांकडूनसुद्धा’ हा शब्द संपेपर्यंत मुलाला वाक्याची सुरुवात आठवत नाही. वाचनाचे अभ्यासक गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाची मांडणी गुणाकार म्हणून केली : अक्षरांची उकल गुणिले भाषेचे आकलन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. गोष्ट कितीही हृदयस्पर्शी असली तरी हा हिशेब बदलत नाही.

‘म्हणाला’, ‘म्हणाली’ हे शब्द संवादामुळे टाळता येत नाहीत. ते टाळूही नयेत. पहिल्या चार-पाच पानांत ते प्रत्येक पानावर एकाच जागी, ओळीच्या शेवटी आले की मूल त्यांना चेहऱ्यासारखे ओळखू लागते, आणि मग ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांतला ‘म्ह’ही फुकटात मिळतो. पात्राच्या नावाचा असाच उपयोग करता येतो. नाव एका पुस्तकात पंचवीस-तीस वेळा येते. त्यामुळे त्यात तीन जोडाक्षरे असणे हा जाच आहे, पण नेमके एक असेल तर तो उत्तम सराव आहे. ‘मुन्नी’ तीस वेळा वाचली की ‘न्न’ कायमचा बसतो. ‘र’च्या बाबतीत जरा जपावे. सूर्य, चक्र, ट्रक आणि दुसऱ्या या चार शब्दांत तो चार वेगळ्या वेशांत येतो. एका पुस्तकात त्यातला एकच वेश पुरे.

आकड्यांत सांगायचे तर आम्ही असे मोजतो. अगदी नव्या वाचकासाठी 16 पानांचे पुस्तक, पानावर एक किंवा दोन वाक्ये, वाक्यात चार ते सहा शब्द, सगळे मिळून 80 ते 120 शब्द. पुढच्या टप्प्यावर 24 पाने आणि 250 ते 400 शब्द. अक्षर पहिल्या टप्प्यावर 20 ते 24 पॉइंट, नंतर 16 ते 18. दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे जास्त ठेवावे, कारण आपल्या लिपीत वर मात्रा आणि खाली उकार असतात. अंतर कमी पडले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि मूल भलत्याच ओळीवर उतरते. अक्षरे चित्रावर छापू नयेत. जोडाक्षराचे एकच वळण पुस्तकभर ठेवावे. एका पानावर ‘द्ध’ एकाखाली एक आणि दुसऱ्या पानावर पाय मोडून असे झाले तर मुलाच्या लेखी ती दोन अक्षरे होतात.

ओळ कुठे तोडायची, हे जागा संपली म्हणून ठरू नये. ‘आई म्हणाली,’ इथे ओळ संपावी आणि ‘दार लावून घे.’ खालच्या ओळीत यावे. मूल एका दमात एक ओळ वाचते, त्यामुळे अर्थाचा तुकडा आणि ओळ एकच असलेली बरी. दोन्ही कडा सरळ करण्याच्या हट्टापायी शब्दांमधली जागा कुठे फुगते, कुठे आवळते. उजवी कड खुशाल वेडीवाकडी राहू द्यावी.

आता गोष्टीबद्दल. हातात येणाऱ्या हस्तलिखितांत तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

मूल मोठ्यांची अडचण सोडवते, ही पहिली. सात वर्षांची मुलगी बाबांची दारू सोडवते, आईबाबांना एकत्र आणते, नाहीतर बक्षीस जिंकून घर वाचवते. वाचणारी मुलगी पुस्तक मिटते तेव्हा तिच्या घरातली दारू तशीच असते आणि वर एक नवा दोष तिच्या अंगावर येतो : मला का जमले नाही? या वयात मुले तसेही घरातल्या वाईटाचे कारण स्वतःत शोधतात. मी हट्ट केला म्हणून बाबा गेले, असे मनात धरून बसतात. म्हणून ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही’ हे वाक्य गोष्टीत एखाद्या मोठ्या माणसाच्या तोंडी स्पष्ट यावे, तेही मध्यावर. शेवटच्या पानावर ते आले तर तोवर मूल स्वतःला शिक्षा देऊन मोकळे झालेले असते. पात्राला काम द्यायचे ते त्याच्या उंचीचे द्यावे : दप्तर भरणे, धाकट्याला पाणी देणे, ताईला ‘मला भीती वाटते’ असे सांगणे.

दुसरी चूक शेवटाची. अडचण चोविसाव्या पानावर संपलीच पाहिजे असे लेखकाला वाटते. ती तशी संपत नसते. बदलते एखादीच गोष्ट, आणि मुलाला तीच हवी असते : उद्या शाळेतून कोण न्यायला येणार, रात्री कुठे झोपायचे, बाबा कोणत्या वारी भेटणार. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा कित्येक दशके माग ठेवला. त्यांतल्या ज्या मुलांभोवती अनेक धोके एकदम जमले होते, त्यांच्यापैकी साधारण एकतृतीयांश मुले तरीही सक्षम, आपुलकी जपणारी माणसे झाली. त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आढळलेली एक गोष्ट म्हणजे किमान एका मोठ्या माणसाशी असलेले भरवशाचे नाते; ती आजी असेल, शिक्षक असेल, शेजारीही असेल. गोष्टीतला चिवटपणा दाखवायचा तर असा माणूस पानावर आणावा. ‘ती खचली नाही, ती लढली’ ही वाक्ये मुलाच्या हाती काही देत नाहीत. ‘शेजारच्या मावशी रोज चार वाजता दार उघडत’ हे देते.

तिसरी चूक आमच्या धंद्याच्या जवळची, म्हणून जास्त टोचते : गोष्टीतले मूल वाचायला शिकते ते एका रात्रीत. दूर गेलेल्या बाबांचे पत्र येते, दिव्याखाली मुलगा अक्षरे जुळवतो आणि सकाळी सगळे पत्र घडाघडा वाचतो. खरे मूल ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांत कित्येक महिने गोंधळते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि उच्चार नंतर करायचा, हे त्याला पटत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ दिसतो सारखा पण ऐकू येतो निराळा. पहिले अक्षर पाहून ते उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देते, ओळ गाळते आणि वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की पोट दुखते म्हणून सांगते. हे सगळे गोष्टीत येऊ द्यावे, आणि त्यातून बाहेर पडण्याच्या युक्त्याही याव्यात : बोट ठेवणे, खालच्या ओळींवर कागदाची पट्टी धरणे, लांब शब्दाचे शेपूट झाकून आधी डोके वाचणे, ‘पा-व-सा-त’ असे तोडून पुन्हा जोडणे, तीच दोन पाने चार दिवस वाचणे. असे पुस्तक वाचता वाचता वाचायलाही शिकवते. एक धोका मात्र सांगितला पाहिजे. घरात वाचता येणारे एकमेव माणूस म्हणून मुलाकडून कर्जाची नोटीस वाचून घेण्याचा प्रसंग लेखकांना नाट्यमय वाटतो. ते ओझे मुलाचे नव्हे. त्यापेक्षा आई किंवा आजोबा त्याच्याबरोबरीने अक्षरे शिकत आहेत, चुकत आहेत आणि हसत आहेत, हे दृश्य त्याच्या उपयोगाचे.

छपाईला जाण्याआधी पुस्तक पाच-सहा मुलांकडून एकेकट्याने वाचून घ्यावे. मजकुरातले शंभर शब्द मोजून घ्यावेत आणि चुकलेल्या शब्दांवर आपल्या प्रतीत खूण करावी. वाचनतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी 1946 मध्ये दिलेले माप अजून कामाला येते : शंभरांत एखादाच शब्द चुकला तर मूल ते एकट्याने वाचू शकते, पाचपर्यंत चुका झाल्या तर सोबत कोणीतरी हवे. आमच्या युक्तिवादाप्रमाणे या विषयाची पुस्तके पहिल्या मापात बसली पाहिजेत. तीन मुले एकाच शब्दावर अडली तर शब्द बदलावा, मुलांना दोष देऊ नये. मूल शब्द वाचूनही गप्प झाले, तर तो अडथळा अक्षराचा नसतो. तिथे थांबावे. ‘तुझ्याही घरी असेच होते का?’ असे विचारू नये. ‘या पानावर तिला काय वाटत असेल?’ एवढेच विचारावे आणि उत्तर आले नाही तरी पान उलटावे. सांगायचे झाले तर मूल पात्राच्या आडून सांगते.

संपादक म्हणून आपल्याकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पुस्तकपरिचयात ‘वयोगट 6 ते 10’ असे छापून येते. सहा वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या वाचनात आभाळाचे अंतर असते, त्यामुळे त्यातून पालकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी द्याव्यात : पानावर सरासरी किती शब्द, जोडाक्षरे तुरळक की भरपूर, मूल एकट्याने वाचेल की वाचून दाखवावे लागेल. परीक्षकाला यासाठी दहा मिनिटे लागतील. आणि बालपुरवणीतली निदान एक गोष्ट अरुंद स्तंभातून बाहेर काढून पानाच्या पूर्ण रुंदीत, 16 पॉइंटमध्ये, उजवी कड मोकळी सोडून आणि शब्द न तोडता छापावी. अशी गोष्ट दीडशे शब्दांतही बसते. शब्दांची छाननी करून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आपले,
मुलांच्या पुस्तकांचे काही संपादक आणि वाचन-शिक्षक