बैलघोड्याच्या गेटासमोरून

परळ, मुंबई

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

तू पोलिसांच्या बॉम्बशोधक श्वानाचा हवालदार म्हणून नवा रुजू झालास आणि रविवारी फोनवर म्हणालास, "पप्पा, बाकीच्यांना क्राइम ब्रँचची स्वप्नं पडतायत आणि मी इथे कुत्र्याची भांडी घासतोय." तेव्हा मी गप्प बसलो. फोनवर मला वेळेवर काही सुचत नाही, हे तुला माहीतच आहे.

काल भाजी घेऊन येताना बैलघोडा या जनावरांच्या इस्पितळाच्या गेटापाशी जरा थांबलो. 16 नोव्हेंबर 2000 ला याच इस्पितळात जंजीर गेला. तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, माझ्या खांद्यावर बसून इथली घोडी बघायला यायचास.

जंजीर म्हणजे मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्राडोर. त्याच्या रंगावरून त्याला लाडाने जिंजरही म्हणत. दर मार्चमध्ये त्याचा फोटो मोबाइलवर फिरत येतो. पोलीस मानवंदनेतला, हार घातलेला. खाली कोणीतरी 'शहीद' लिहितं. मला ते पटत नाही. तो स्फोटात गेला नाही, हाडांच्या कॅन्सरने गेला, आठ वर्षांचा होऊन, नोकरीत असतानाच. त्याचं काम मोठं वाटायला स्फोटातच मरायला हवं होतं का?

त्याची नोंद वाच. जन्म जानेवारी 1992 चा. पुण्याला शिकला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर मुंबईत रुजू झाला. पुढे अडीच महिन्यांत 12 मार्च 1993 चा तो शुक्रवार आला. दोन-सव्वादोन तासांत 12 स्फोट, 257 माणसं गेली. सेंच्युरी बाजारच्या स्फोटात आमची बेस्टची एक बसही सापडली. त्या बसवर माझी ड्यूटी नव्हती, एवढंच. त्या वेळी जंजीर चौदा महिन्यांचा होता. तुझ्यासारखाच, नोकरीत नवा. 15 मार्चला धनजी स्ट्रीटवर उभी असलेली आरडीएक्सने भरलेली स्कूटर त्याने हुडकली. पुढे त्याच्या नावावर जमा झालं ते असं : 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब, 6,406 जिवंत काडतुसं. हा माल आपल्या श्रीवर्धनकडेच उतरला होता, दिघी आणि शेखाडीला. ज्या किनाऱ्यावर तुझी आजी सुकट वाळवायची, तिथे.

सुकटीवरून आठवलं. त्या दिवसांत बसमध्ये बेवारस पिशवी दिसली की अख्खी गाडी रिकामी व्हायची. एका संध्याकाळी माझ्याच गाडीत मागच्या सीटखाली नायलॉनची पिशवी सापडली. बेल मारून गाडी थांबवली, माणसं उतरवली आणि तिकिटांची पेटी छातीशी धरून मी फूटपाथवर उभा राहिलो. पथक आलं. पिवळसर लॅब्राडोर होता. तो जंजीरच होता, असं मी आजवर छाती ठोकून सांगत आलोय. तुझी आई हसते. तो चढला. एकेका सीटखाली नाक घालत मागे गेला. पिशवीपाशी थांबला. मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू येत होती. त्याने नाक जवळ नेलं, दोन-तीनदा हुंगलं आणि पुढे निघून गेला. बसला नाही. बसला असता तर काय, हे आता मी तुला सांगायला नको.

पिशवीत डबा होता. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी. फूटपाथवर आम्हा सगळ्यांना वास आला आणि लोक हसत सुटले. मी मात्र त्या कुत्र्याकडे बघत होतो. दिवसभर हिंडलेलं, जीभ बाहेर आलेलं जनावर, आणि सुकटीवरून सरळ पुढे जातं! आपला बोका गेला असता का?

खाली उतरल्यावर त्याने पहिल्यांदा हवालदाराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हवालदार तिथेच उकिडवा बसला, आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत ओतलं आणि त्याला पाजलं. मग उरलेला घोट स्वतः प्यायला.

समीर, त्या कुत्र्याला बॉम्ब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला एक वास शिकवला होता. तो सापडला की बसायचं, म्हणजे चेंडू मिळतो. मुंबई, 257, आरडीएक्स हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या पिशवीत काय असू शकतं, हे पट्ट्याचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं, त्या माणसाला ठाऊक होतं. तरी तो त्याच्या मागोमाग बसमध्ये चढला. त्या हवालदाराचा फोटो मला कुणी कधी पाठवला नाही. तू आता त्या टोकाला उभा आहेस.

काहीच सापडलं नाही तर कुत्री हिरमुसतात, म्हणून मुद्दाम नमुना लपवून त्यांना शोधायला लावतात, हे तूच मला सांगितलंस. सांगताना तुझा आवाज वेगळा लागला होता. भांडी घासण्याची तक्रार त्याच्या आधीची होती.

उन्हात तुझ्या कुत्रीला फार वेळ राबवू नकोस. धापा टाकायला लागली की नाक चालत नाही, असं मी वाचलंय. तुमचे उस्ताद सांगतीलच.

पार्सल पाठवतोय. चकल्या तुझ्या. त्या तिला देऊ नकोस, तिखट आहेत. तळाशी टेनिसचे दोन चेंडू आहेत. दुकानदार म्हणाला, काका, या वयात? मी म्हटलं, सुनेसाठी. आईला हे सांगू नकोस.

तुझा,
पप्पा