काय मेलंय ते आधी बघू

नाशिक, 24 जानेवारी 2026

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला तू लॅपटॉप इथं टाकून गेलीस आणि जाता जाता म्हणालीस, "बाबा, मेलाय तो. नवा घ्या." सातपूरला एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली मी. ऑपरेटर 'मशीन मेलं' म्हणत आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, काय मेलं? बेअरिंग गेलं म्हणून कोणी लेथ भंगारात काढत नाही.

म्हणून कॅनडा कॉर्नरजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि त्याच्या शेजारी स्टुलावर ठाण मांडून बसलो. पोरगं वैतागलं असणार, पण त्याने माझ्यासमोर उघडून दाखवला. पंख्याच्या तोंडाशी धुळीची अशी जाड पट्टी बसली होती की त्याने ती चिमट्याने अख्खी उचलली. गोधडीवर ठेवून सिनेमे बघितल्याचा प्रताप! खालची जाळी झाकली की गरम हवा जाणार कुठून? प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपोआप वेग कमी करतो. तुला वाटलं, म्हातारा झाला.

टचपॅड दाबला जात नाही म्हणत होतीस ना? तो बिचारा ठीक आहे. खालची बॅटरी फुगून त्याला वर ढकलत होती. हे मात्र गंभीर, राणी. तू तशीच दोन महिने वापरलीस! फुगलेली बॅटरी दाबायची नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि घंटागाडीतही टाकायची नाही, पेट घेते. जुनी मी ई-कचऱ्यात द्यायला त्याच्याकडेच ठेवली. लिथियमची बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की थकायला लागते, आणि उष्णता व सतत शंभर टक्के चार्ज या दोन्हींनी आणखी लवकर. तुझा तर रात्रंदिवस चार्जरला. आता 80 टक्क्यांवर थांबायची सेटिंग करून घेतलीय, ती बदलू नकोस.

2019 साली तुला डिप्लोमाला घातलं तेव्हा घेतला, म्हणजे साडेसहा वर्षं झाली. दुकानदार चार-पाच वर्षं सांगतात, आणि ते खोटं नाही. पण सगळे भाग एकाच दिवशी थोडेच म्हातारे होतात? बॅटरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी दमते, बिजागरी तू कशी उघडतेस त्यावर. फिरती तबकडी असलेली जुनी हार्ड डिस्क तर नवी असतानाही संथच होती. ती काढून एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी चिपवरची डिस्क, बसवली. चालू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ लागायचा, आता कप विसळेपर्यंत सुरू.

एक मरण मात्र पान्याने दुरुस्त होत नाही. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर बहुतेक ठिकाणी विंडोज 11 ला तो चालत नाही. तुझा नेमका आठव्या पिढीचा, थोडक्यात वाचला. तुझ्या दादाचा 2016 चा वाचला नाही; यंत्र ठणठणीत, पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी म्हातारं.

साफसफाई, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट, बॅटरी, एसएसडी मिळून साडेसात हजार गेले. तुझी आई म्हणाली, एवढ्यात नव्याचा हप्ता भरला असता. असेल. पण एम.टेक.च्या थ्रीडी मॉडेलना हा पुरणार नाही हे तुझं म्हणणं मला पटतं. ते काम वर्षभर कॉलेजच्या लॅबमध्ये कर, बाकी सगळं यावर. पुढच्या वर्षी नवा घेऊ, आणि तेव्हा रंग बघण्याआधी एवढं विचार: रॅम बोर्डावर डाग देऊन (सोल्डर करून) बसवलीय की वाढवता येते? खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का? बॅटरी बाजारात सुटी मिळते का? डाग दिलेली असेल तर सुरुवातीलाच 16 जीबी घ्यायची, मागून पस्तावून उपयोग नाही.

रविवारी काका पुण्याला येतोय, त्याच्याकडे देतो. सोबत पिंपळगावची द्राक्षं आहेत, ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. आणि चार्जर तुझ्याकडेच आहे ना? इथं सगळं घर शोधलं, सापडला नाही.

तुझे,
बाबा